मदत हवी आहे: कंबरदुखी, गादी बदलावी का? (लवकर सांगा)

घाईघाईत (धागाकर्ता)
बाबांची कंबर तीन आठवड्यांपासून धरली आहे. एक्स-रे झाला, "मणक्यात गॅप आहे" असं सांगितलं. गोळ्या चालू आहेत. पायाला थोडा बधिरपणा आहे म्हणतात. आता गादी बदलावी का, एवढंच विचारायचं आहे. "डॉक्टरकडे जा" हा सल्ला कृपया नको, जाऊन आलोय. आज संध्याकाळपर्यंत ठरवायचं आहे.

कणाकणाने
इतक्यात गादी बदलायचा विचार नको. दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) काढून कृत्रिम गादी बसवायची तर मणक्याच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे शाबूत लागतात आणि हाडं पुरेशी घट्ट लागतात. हाडं ठिसूळ असतील तर बसवलेली गादी मणक्यात रुतते. मणका पुढे सरकलेला असेल तर ही शस्त्रक्रिया करत नाहीत. शिवाय कंबरेत ती पोटाच्या बाजूने बसवतात, मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सारून. वय काय आहे?

घाईघाईत
अहो, झोपायची गादी! पलंगावरची!

उकिडवा
:) मग मध्यम घट्ट घ्या. फळीवर किंवा जमिनीवर झोपायचा जुना सल्ला आता कुणी देत नाही. फार कडक पृष्ठभागावर खांदा आणि खुबा टेकतो, कंबर अधांतरी राहते. कुशीवर झोपत असतील तर गुडघ्यांमध्ये उशी, पाठीवर झोपत असतील तर गुडघ्यांखाली. गादीपेक्षा या उशीने जास्त फरक पडतो.

मज्जारज्जू
गादीचं राहू द्या. आधी ही माहिती द्या:
वय? एक पाय की दोन्ही? बधिरपणा नेमका कुठे: मांडी, पोटरी, पावलाची वरची बाजू, तळवा, की बसायची जागा? चालताना पाऊल घासतं का? लघवी-शौचाला काही बदल? ताप, वजन घटणं, पूर्वी कर्करोग? स्टेरॉइडच्या गोळ्या? पडले होते का?
"पायाला बधिरपणा" यावरून काहीच कळत नाही. जागा कळली की नस कळते, आणि नस कळली की घाई करायची की नाही ते कळतं.

घाईघाईत
६१. पडले नाहीत. ताप नाही, वजन तेवढंच. मधुमेह आहे. आणि एक चांगली गोष्ट सांगायची राहिली, पायातली सणक तीन दिवसांपासून बरीच कमी झाली आहे. म्हणजे आपोआप उतरतंय. म्हणूनच फक्त गादी विचारली. उकिडवा, कापसाची की फोमची?

सरळसोट
सणक कमी झाली ना, मग आता पंधरा दिवस सक्तीची विश्रांती. पाठीवर सरळ पडून राहायचं, पायाला वजन लावून ताण द्यायचा. गादी सरकली असेल ती जागेवर येते.

फिरता_फिजिओ
सरळसोट, हा सल्ला बाद होऊन जमाना झाला. फार दुखत असेल तर एक-दोन दिवस आडवं व्हावं, त्यापुढे झोपवून ठेवलं की कण्याला आधार देणारे स्नायू ढिले पडतात आणि दुखणं लांबतं. आणि गादी ड्रॉवरसारखी सरकत नाही, की ओढून परत बसवावी. तिचं बाहेरचं कडं फाटतं, आतला मऊ गर बाहेर येतो आणि नसेला चिकटतो. नस दाबाने दुखते तशीच त्या गरामुळे आलेल्या सुजेनेही दुखते. बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं, म्हणून बहुतेकांची पायातली कळ ६ ते १२ आठवड्यांत उतरते.
"गॅप" हा शब्द तर उलटाच रूढ झालाय. झीज झाली की दोन मणक्यांमधली जागा वाढत नाही, कमी होते.

एमआरआयवादी
एवढी चर्चा कशाला? एक्स-रेत हाड दिसतं, नस आणि गादी दिसत नाही. सरळ एमआरआय करा, विषय संपला.

फिरता_फिजिओ
तिथूनच विषय सुरू होतो. अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय पाहिले तर विशीतल्या ३७ टक्के लोकांत, पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसते. अहवालात चार शब्द वाचून माणूस वाकायलाच घाबरतो. तपासणीत जे सापडलं त्याच्याशी फोटो जुळला तरच त्याला अर्थ.

एमआरआयवादी
आणि तपासणीच झाली नसेल तर? धागाकर्त्याने एक्स-रे सांगितला, गोळ्या सांगितल्या. गुडघ्यावर हातोडी मारली, पायाची ताकद पाहिली, असं कुठे लिहिलंय?

मज्जारज्जू
हा मुद्दा बरोबर आहे.
धागाकर्ते, कळ उतरली हे दर वेळी चांगलंच असतं असं नाही. कळ उतरली आणि ताकद टिकून आहे, तर सुधारणा. कळ उतरली आणि पाय लुळा पडत चाललाय, तर नस बरी होत नाहीये, निकामी होतेय. मेलेली नस ठणकत नाही. आत्ता दोन मिनिटांत हे करून बघा, बाबांच्या शेजारी उभं राहून, पडू न देता:
१. टाचांवर दहा पावलं. पंजा वर राहत नसेल तर बहुधा एल ५ ची, म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्याची नस.
२. चवड्यांवर दहा पावलं, मग एकेका पायावर टाच उचलणं. जमत नसेल तर एस १, म्हणजे एल ५ च्या लगेच खालची नस.
३. खुर्चीवर बसवून दोन्ही अंगठे वर ओढायला सांगा आणि तुम्ही बोटाने खाली दाबा. एक अंगठा लगेच हरला तर पुन्हा एल ५.
एल ४-५ मधली गादी बाहेर आली की सहसा एल ५ ची नस दबते, म्हणजे खालच्या मणक्याच्या नावाची. कंबरेतल्या फाटलेल्या गाद्या बहुतेक याच जागी किंवा हिच्या खालच्या जागी असतात.
लघवीच्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही.

आडवा_उभा
रात्रीचं दुखणं कुणी विचारलंच नाही. चाळिशीच्या आत सुरुवात, पहाटे दुखून जाग येते, उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेलं, हालचालीने बरं आणि विश्रांतीने वाईट, कधी या ढुंगणात तर कधी त्या, आणि हे सगळं तीन महिन्यांच्या वर: असं असेल तर तो सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो, तिथे संधिवाततज्ज्ञ लागतो. डोळा लाल होऊन दुखणं हीही त्याच कुटुंबातली खूण.
आणि कूस बदलली तरी फरक न पडणारी, रात्रंदिवस एकसारखी कळ, जोडीला संध्याकाळचा ताप आणि वजनात घट, तर जंतुसंसर्ग, मणक्याचा क्षय किंवा गाठ डोक्यात यायला हवी. मणक्याच्या क्षयाचं वर्णन पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्येच केलं होतं, तरी अजून उशिरा ओळखला जातो.

फिरता_फिजिओ
६१ वर्षांच्या माणसाला ताप नाही, वजन घटलेलं नाही, हे वर लिहिलंय. वाचा की.

आडवा_उभा
धागा इतरही वाचतात.

घाईघाईत
केलं. टाचांवर चालताना उजवा पंजा आपटतो, वर राहतच नाही. अंगठाही वर येत नाही. चवड्यांवर जेमतेम. हो, दोन दिवसांपासून उजव्या पायातली चप्पल निसटते, त्यांच्या लक्षात येत नाही. आम्ही चप्पल सैल झाली समजून नवीन आणली. हे मधुमेहामुळेही होतं ना?

मज्जारज्जू
मधुमेहाचा बधिरपणा सहसा दोन्ही तळव्यांना, बोटांपासून सुरू होऊन महिनोन्महिने मोज्यासारखा वर चढतो. दोन दिवसांत एकच पंजा पडणं हे त्याचं काम नव्हे. याला आजच दाखवावं लागेल.
आता लघवी. सरळ उत्तर द्या: धार कशी आहे, लागल्याचं कळतं का, पुसताना स्पर्श कळतो का.

सरळसोट
साठीच्या पुरुषाला लघवीची तक्रार असतेच. प्रोस्टेट. उगाच घाबरवू नका.

घाईघाईत
हेच लिहिणार होतो. प्रोस्टेटची गोळी आधीपासून आहे. कालपासून बराच वेळ बसावं लागतं, थेंबथेंब येते. "लागली आहे असं वाटतच नाही" म्हणतात. आत्ता विचारल्यावर म्हणाले, बसलं की खुर्ची नीट कळत नाही, कापडाची घडी ठेवल्यासारखं वाटतं. डाव्या मांडीलाही कालपासून मुंग्या आहेत.

मज्जारज्जू
आत्ता निघा. उद्याचा ओपीडीचा नंबर नको. जिथे रात्री एमआरआय होतो आणि मणक्याचे किंवा मेंदूचे शल्यविशारद आहेत, अशा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.
कारण: मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशी संपतो. त्याखाली नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटासारखा लोंबतो. मोठी गादी मधोमध बाहेर आली की अख्खा जुडगा दबतो. खोगीर जिथे टेकतं ती जागा बधिर, लघवी अडणं, शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही पायांत लक्षणं, लैंगिक संवेदना जाणं: यातली सगळी येईपर्यंत थांबायचं नसतं. तुमच्याकडे तीन आहेत. ४८ तासांच्या आत दाब काढला तर लघवी परत ताब्यात येण्याची शक्यता जास्त असते, आणि तुमची मोजणी कालपासून चालू आहे.
प्रोस्टेटने अचानक तुंबली तर ओटीपोट फुटेल असं दुखतं, माणूस येरझाऱ्या घालतो. इथे मूत्राशय भरलेलं असून कळत नाही. हा फरक लक्षात घ्या, सरळसोट.
दारात "कंबर दुखते" म्हणू नका, रांगेत बसवतील. म्हणा: "पंजा पडलाय, बसायची जागा बधिर आहे, कालपासून लघवी अडली आहे." लघवी करवून लगेच मूत्राशयाची सोनोग्राफी मागा. नंतरही २०० मिलीलीटरच्या वर उरली असेल तर संशय बळकट होतो.

एमआरआयवादी
तेच मी पहिल्यापासून सांगतोय. एमआरआय.

फिरता_फिजिओ
तुम्ही एका ओळीच्या कंबरदुखीवर सांगितलात. तो तेव्हा चूक होता, आता गरजेचा आहे. मधे तपासणी झाली, तेवढाच फरक.

घाईघाईत
गाडी काढतोय. चालत नेलं तर चालेल? काय बरोबर घेऊ? मालीश करून नेऊ का?

मज्जारज्जू
दोन्ही बाजूंनी धरून चालू द्या, पंजा अडकून पडतील. मालीश, मणके मोडून घेणं, शेक, काहीही नको. बधिर कातडीला शेक दिला तर भाजलेलंही कळत नाही. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत खायला देऊ नका आणि शेवटचं केव्हा खाल्लं ती वेळ लिहून ठेवा. त्याच कागदावर पंजा केव्हापासून, लघवी केव्हापासून, बधिरपणा केव्हापासून. एक्स-रे, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, साखरेचा शेवटचा आकडा. शरीरात पेसमेकर किंवा धातू असेल तर एमआरआयवाल्यांना आधी सांगा.

उकिडवा
गाडीत पुढची सीट मागे झुकवून, गुडघे थोडे वर.

घाईघाईत
पोचलो. लघवी करून झाल्यावरही आत ५४० निघाली. नळी घातली. एमआरआयला नेलंय, सर्जनना बोलावलंय. त्यांनीही पहिला प्रश्न खुर्चीचाच विचारला.

मज्जारज्जू
ठीक. आता एकच, धाग्यात कुठेच आलेलं नाही: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?

घाईघाईत
हृदयाची एक आहे, सकाळीच घेतली. ती वेगळ्या डॉक्टरांची, म्हणून तिचं पाकीट घरीच ठेवलं. तीपण सांगायची होती का?

मज्जारज्जू
हो. फोन खाली ठेवा आणि आत जाऊन सांगा. नाव आणि घेतल्याची वेळ.