मूकपटातला डिझरायली: संवाद गेल्यावर उरले काय?

मूळ मत:
ब्रिटिश पंतप्रधान बेंजामिन डिझरायली यांच्यावरच्या लुई एन. पार्कर यांच्या ‘डिझरायली’ या १९११ सालच्या नाटकावर हेन्री कोल्कर यांनी १९२१ मध्ये मूकपट काढला आणि रंगभूमीवर ती भूमिका गाजवणारे जॉर्ज आर्लिसच त्यात पंतप्रधान झाले. १८७५ मध्ये इजिप्तच्या खेदिवाकडचे (तिथल्या राज्यकर्त्याकडचे) सुवेझ कालव्याचे शेअर रशियाच्या आधी पदरात पाडून घेण्याची ही गोष्ट आहे. ज्याचे निम्मे राजकारण जिभेवर चालले, त्याला मुका करून पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या संवादाच्या पाट्यांवरच्या चार-दोन ओळींत कोंबणे ही माझ्या मते नाटकाची दुर्दशाच होय. १९२९ च्या बोलपटातील याच भूमिकेसाठी आर्लिस यांना ऑस्कर मिळाले, यातच सारे आले.

प्रतिसाद:
ऑस्करचा दाखला गैरलागू आहे, कारण १९२१ मध्ये तो पुरस्कारच नव्हता. कळसाचा प्रसंग पाहा. शेअर खरेदीच्या पैशांसाठीच्या कागदावर बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर सही नाकारतो, डिझरायली त्याला बँक बुडवण्याची धमकी देतात, तो सही करून तणतणत निघून जातो आणि मग ते कबूल करतात की तशी सत्ता त्यांच्या हाती नव्हतीच. ही निव्वळ थाप आहे. नाट्यगृहात शेवटच्या रांगेला ती त्या कबुलीतूनच कळते; कॅमेऱ्याला मात्र दार बंद होताच सैल पडणारे खांदे पुरतात.

मूळ लेखक:
खांदे सैल पडलेले दिसतील हो, पण आधी धमकी चढत गेलेली ऐकू यायला नको का?

दुसरा प्रतिसाद:
आपण दोघेही या नाटकाला फार मोठे मानता आहात. पार्कर यांनी संसद रंगमंचावर आणलीच नाही. सारे घडते ते एका उमरावाच्या वाड्यात, डाउनिंग स्ट्रीटवर आणि डिझरायलींच्या ह्यूएन्डनच्या घरी. खऱ्या व्यवहारात सुमारे चाळीस लाख पौंड रॉथशिल्ड या सावकारी घराण्याने दिले, नाटकात त्यांच्या जागी मायर्स नावाचा काल्पनिक सावकार आहे. आणि १८७२ मध्येच वारलेली डिझरायलींची पत्नी इथे खुशाल वावरते. शेवट होतो तो व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याच्या आनंदात. (त्या किताबासाठी १८७७ मध्ये दिल्ली दरबार भरला तेव्हा आपल्याकडे दख्खनेत दुष्काळ होता, पण ते असो.) तेव्हा मूकपटाने मुत्सद्द्याचे वक्तृत्व हिरावले, हा आरोप मला पटत नाही. मुळात ही रशियाच्या हेर बाईला चकवण्याची हेरकथा आहे आणि हेरकथेला मूकपट मानवतो.

मूळ लेखक:
वक्तृत्व म्हणजे केवळ संसदेतली भाषणे नव्हेत. त्या हेर बाईशी गोड बोलत तिलाच चकवणारा डिझरायली हाही बोलण्यावरच जगतो, आणि ते बोलणे पाटीवर वाचायचे असेल तर मी नाटकाची संहिताच वाचेन.