गिब रिव्हर रोडवर कॅम्पर ट्रेलरसह एक दिवस: आपले अनुभव लिहा

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, किंबर्ली प्रदेशात, डर्बीपासून कुनुनुराच्या दिशेने जाणारा सुमारे 660 किलोमीटरचा हा रस्ता 1960च्या दशकात गुरे बंदरापर्यंत नेण्यासाठी बांधला गेला. ज्यांनी तो कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा घडीच्या तंबूचा ट्रेलर, घेऊन पार केला आहे, त्यांनी त्यातला एकच दिवस, सकाळी तंबू मिटल्यापासून रात्री तो पुन्हा उघडेपर्यंतचा, येथे लिहावा ही विनंती. धबधब्यांची वर्णने कुठेही वाचायला मिळतात. मागे ट्रेलर असला की दिवस कसा जातो हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही, आणि निघण्यापूर्वी मला नेमके तेच हवे होते. सुरुवात मी करतो.

आम्ही जूनमध्ये गेलो. येथील घड्याळे दूर पश्चिमेकडच्या पर्थ या राजधानीप्रमाणे चालत असल्याने पूर्वेकडच्या टोकाला सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारासच मावळतो, आणि कुंपण नसलेल्या रस्त्यावर त्याच वेळी गुरे येऊन उभी राहतात. म्हणून पहाटे पाचला उठून दुपारी तीनपर्यंत मुक्काम गाठायचा असे ठरवले होते. डांबर संपले तेथे गाडीच्या टायरमधली हवा 40 वरून 28 पीएसआयवर (हवेच्या दाबाचे एकक) आणली, म्हणजे हादरे कमी बसतात, पण ट्रेलरच्या टायरकडे लक्षच गेले नाही. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होता. दुपारी ट्रेलरचे स्वयंपाकघर बाहेर ओढले, तर साखरेच्या बरणीचे झाकण हादऱ्यांनी फिरून निघाले होते आणि साखर लाल धुळीत मिसळून विटेच्या चुऱ्यासारखी झाली होती.

*

आम्ही कुनुनुराकडून निघालो, त्यामुळे पेन्टेकोस्ट नदी पहिल्याच दिवशी समोर आली. एरवी आधी पाण्यात चालत जाऊन खोली पाहतात. येथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तेव्हा ते मुळीच करू नये. समोरून आलेल्या गाडीच्या चाकावर पाणी कुठवर चढते ते आम्ही काठावरून पाहिले. गाडीतून ट्रेलरला वीज देणारा प्लग काढला आणि अर्धा तास थांबलो, कारण तापलेला हब (चाकाचा मधला भाग) गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी बेअरिंगमध्ये, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या भागात, ओढले जाते. मग लो रेंजमध्ये (फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे हळू पण जोरदार गिअर), एकाच गिअरवर, न थांबता पार झालो. गोट्यांवरून ट्रेलर डावीकडे सरकल्याचे आरशात दिसले तो क्षण मी विसरलेलो नाही. पलीकडे पोहोचताच प्लग परत लावावा, हे आवर्जून सांगतो. ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेकही त्यावरच चालतात.

*

एक छोटी भर: नॉर्दर्न टेरिटरीतून येणाऱ्यांनी सीमेवरच्या तपासणीआधी फळे, भाज्या आणि मध संपवावा. आमचा सारा भाजीचा डबा तेथेच रिकामा झाला.

*

आमचा ट्रेलर भाड्याचा होता, आणि सर्व्हिसिंग नुकतेच झाले आहे असे देताना सांगितले होते. तरीही प्रत्येक थांब्यावर चारही हबना हाताची मागची बाजू लावून पाहायची ही सवय मी सोडली नाही. माउंट बार्नेट रोडहाउसच्या (वाटेतला इंधन आणि दुकानाचा थांबा) अलीकडे मागचा डावा हब इतका तापला होता की हात क्षणभरही ठेवता येईना. टोपण काढले, तर आतले ग्रीस वाळून काळे, खरखरीत झालेले. ज्यांनी भरवसा दिला त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, कारण ते चाक नदीपात्रात निखळले असते तर मुलांना घेऊन आम्ही काय केले असते? शेजारच्या तळावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी आपल्याकडचे बेअरिंग दिले, स्वतः गुडघे टेकून बसवून दिले आणि पैसे घेतले नाहीत. या गडबडीत जवळची मॅनिंग गॉर्ज ही दरी पाहायची राहिली. दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटरवर थांबून मी पुन्हा हात लावला, तेव्हा चारही हब सारखेच कोमट होते.