शुअरली म्हणजे दरवेळी ‘नक्कीच’ नव्हे

एकांनी लिहिलंय की शुअरली, सर्टनली, डेफिनेटली या तिन्ही इंग्रजी शब्दांचा अर्थ ‘नक्कीच’, कुठलाही वापरा. शुअरलीच्या बाबतीत मला हे अजिबात पटत नाही.

सर्टनली म्हणणारा ठामपणे सांगत असतो. शुअरली म्हणणाऱ्याला बहुधा पक्कं ठाऊक नसतं. तसं असायलाच हवं असं त्याला वाटतं आणि समोरच्याने दुजोरा द्यावा अशी अपेक्षा असते. ‘शुअरली यू हॅव मेट हिम’ म्हणजे ‘अहो, तुम्ही त्यांना भेटला असालच ना?’ इथे सर्टनली घालून बघा, विचारणा संपते आणि नुसतं विधान उरतं. नकारात तर आश्चर्यही मिसळतं: ‘शुअरली नॉट!’ म्हणजे ‘छे, शक्यच नाही!’

मुंबईतल्या ऑफिसांतून ‘आय विल शुअरली सेंड इट टुमॉरो’ अशा मेल सर्रास जातात. चर्चगेटपासून अंधेरीपर्यंत कुणाला ते खटकत नाही. भारतीय इंग्रजीत हा वापर रुळलाय, मी त्याला चूक म्हणणार नाही. पण लंडनच्या क्लायंटला लिहिताना शुअरलीच्या जागी डेफिनेटलीच घाला. आणि हो, ‘स्लोली बट शुअरली’मध्ये खात्रीचा जुना अर्थ अजून टिकून आहे.

जागाही बघा. ‘असेलच ना’वालं शुअरली बरेचदा वाक्याच्या सुरुवातीलाच येतं. मुलांना शिकवताना तिन्हींपुढे एकच मराठी अर्थ लिहून देऊ नका, दोन-दोन वाक्यं करून घ्या.