मदत हवी आहे: नव्या गायकासाठी थ्रॅश गाणी किती खाली उतरवावीत?

आमच्या थ्रॅश (वेगवान हेवी मेटल) बँडची जुनी गाणी नव्या गायकासोबत पुन्हा रेकॉर्ड करतोय. मूळ ट्यूनिंग ई स्टँडर्ड (गिटारचं नेहमीचं). आधीचा गायक वरच्या पट्टीत किंचाळायचा. नव्याचा आवाज भरदार आहे, पण कोरसला घसा ताणतो. अर्धा स्वर उतरवून पाहिलं, ताण राहतोच. पूर्ण स्वर उतरवला, म्हणजे डी स्टँडर्डला, की मस्त गातो. पण पाम म्यूटचे (तळहाताच्या कडेने तारा दाबून वाजवलेले) रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, गिचमिड होतात. तारा १०-४६ (सर्वांत बारीक ते सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). ईमध्ये वाजवून नंतर पिच शिफ्टर (स्वर वर-खाली सरकवणारा इफेक्ट) लावला, तर गिटारची सगळी धारच गेली.

जुने मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग) हाताशी नाहीत, त्यामुळे सगळं नव्याने वाजवणार. वेग २०० बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) आसपास, तो कमी करायचा नाही (मग थ्रॅश कशाला म्हणायचं?). एका गिटारला फ्लॉइड रोझ (तारा लॉक करणारा ब्रिज, ट्यूनिंग बदलायला किचकट) आहे, म्हणून गाण्यागणिक ट्यूनिंग बदलणं नको. जुनी गाणी वेगळ्या गायकासोबत पुन्हा रेकॉर्ड केलेले, अँथ्रॅक्सचा २००४चा आणि एक्सोडसचा २००८चा, असे दोन्ही थ्रॅश बँडचे अल्बम ऐकलेत. अँथ्रॅक्सच्या अल्बमवर जॉन बुश आधीच्या गायकाची, बेलाडोनाची, नक्कल करत नाही, हे मला जास्त पटलं.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: डीमध्ये ११-५२ किंवा आणखी जाड तारा लावल्या तर रिफ पुन्हा घट्ट होतील, की गिटार ईमध्येच ठेवून कोरसची चाल खाली बांधावी?