रानपिंगळ्यासाठी मेळघाटच
रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं दुर्मिळ छोटं घुबड, पाहायला नागपूरहून कुठे जावं, असा प्रश्न आलाय. सरळ मेळघाट गाठा. १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला हा पक्षी मेळघाटातल्या सागाच्या विरळ जंगलात टिकून आहे. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे सकाळी उन्हं आली की झाडांचे शेंडे बघत चला. गावातल्या पिंगळ्याशी गल्लत फार होते: त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं, पोट खाली स्वच्छ पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे. मोबाईलवर आवाज वाजवून मात्र बोलावू नका, ही कळकळीची विनंती. इतका थोडा उरलाय, निदान विणीच्या दिवसांत तरी त्याला घरट्यापासून ओढू नका.