लाल कांद्यातील परासरण : दोन पद्धतींनी दोन वेगळी उत्तरे का येतात?

प्रश्न :
अकरावीच्या प्रात्यक्षिकासाठी लाल कांद्याच्या एकाच पाकळीवर परासरणाचे (पटलातून पाण्याने पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाण्याचे) दोन प्रयोग केले. पाकळीचे तुकडे निरनिराळ्या तीव्रतेच्या साखरेच्या द्रावणांत ठेवून वजनातील शेकडा बदलाचा आलेख काढला, तेव्हा वजन स्थिर राहणारी तीव्रता ०.३ मोलर आली. त्याच पाकळीचा बाहेरचा जांभळा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता निम्म्या पेशींत रससंकोच (पाणी गमावल्याने पेशीतील जिवंत भाग आक्रसून भित्तिकेपासून सुटणे) दिसला तो मात्र ०.४ मोलर द्रावणात. पेशीरसाची तीव्रता यांपैकी कोणती मानावी?

उत्तर १ :
पेशीरसाच्या जवळ जाणारा आकडा ०.४ चा आहे. पण म्हणून ०.३ चुकीचा ठरत नाही, कारण तो मुळात दुसरीच गोष्ट मोजतो. ताज्या पेशीतील रस पाणी आत ओढत असतो आणि ताणली गेलेली पेशीभित्तिका उलट दाब देऊन त्याला अडवत असते. बाहेरचे द्रावण या दोहोंच्या वजाबाकीशी, म्हणजे पेशीच्या जलविभवाशी, जुळले की तुकड्याचे वजन बदलत नाही. रससंकोच सुरू होताना मात्र प्रद्रव्यपटल (पेशीतील जिवंत भागाभोवतीचे पातळ आवरण) भित्तिकेपासून सुटू लागलेले असते, त्यामुळे भित्तिकेचा दाब शून्यावर येतो आणि केवळ रसाची ओढ उरते. तोवर पेशी थोडी आक्रसून रस दाट झालेला असल्याने ०.४ हा आकडाही ताठ पेशीच्या मानाने किंचित जास्तच असतो. दोन्ही आकड्यांतील ०.१ मोलरचा फरक २७ अंश सेल्सिअसला वान्ट हॉफ यांच्या, तीव्रतेवरून परासरण दाब काढण्याच्या सूत्राने सुमारे २.५ बार भरतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाहून थोडा अधिकच.

उत्तर २ :
उपपत्ती मान्य आहे, पण २.५ बार हा आकडा वहीत उतरवण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वजन केले ते पाकळीच्या आतील गराचे आणि रससंकोच पाहिला तो बाहेरच्या पापुद्र्यात. या दोन ऊतींचा पेशीरस सारखाच असेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय पापुद्र्याला पंधरा-वीस मिनिटे पुरतात, तर जाड तुकड्यांना तास-दोन तास लागतात, आणि वजनापूर्वी ते टिपकागदाने सारख्याच दाबाने टिपले नाहीत तर आलेख भरकटतो. साखरेऐवजी मीठ घेणाऱ्यांनी त्याचे दोन आयन होतात हे विसरू नये. तिथे साधारण निम्मी तीव्रता पुरते.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात म्हणून आणखी एक शंका : आक्रसलेला जांभळा भाग आणि भित्तिका यांच्यामधील मोकळ्या जागेत काय असते?

उत्तर १ :
बाहेरचे साखरेचे द्रावणच. भित्तिका साखरेला अडवत नाही, अडवते ते पटल. काचपट्टीच्या एका कडेने पाणी सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने द्रावण शोषून घ्यावे; पेशी जिवंत असतील तर जांभळा रंग पुन्हा भित्तिकेपर्यंत पसरलेला दिसेल.