मोटरसायकली दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेत न्यायच्या आहेत: विमानाने की जहाजाने? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही नवराबायको, दोन गाड्या. अलास्कातून निघून आर्जेन्टिनाच्या दक्षिण टोकाला, उश्वायापर्यंत आलो आणि इथे रस्ता संपला. पुढे केपटाउनपासून वर उत्तरेकडे आफ्रिका करायची आहे, पण मध्ये अख्खा दक्षिण अटलांटिक. गाड्या ब्युनोस आयर्स नाहीतर माँटेव्हिडिओहून पाठवाव्या लागतील. विमानाने की जहाजाने, यावर दहा दिवस झाले आमचं एकमत होत नाहीये. नवरा जहाज म्हणतो, मी विमान म्हणते. म्हणून हा धागा.

मी विमान का म्हणते ते सांगते. प्रवासाच्या सुरुवातीला गाड्या समुद्रमार्गे एलसीएलने पाठवल्या होत्या, म्हणजे कंटेनरात इतरांचा माल आणि त्यातच आपले दोन क्रेट (गाडी बांधून ठेवायचे लाकडी खोके), भाडं घनमीटरवर. आकडा स्वस्त दिसला, लगेच हो म्हटलं. गाड्या पोचल्यावर तिकडच्या एजंटने यादी हातात ठेवली: बंदरावरची हाताळणी, कंटेनर उघडून माल वेगळा करण्याचे पैसे, गोदामभाडं, डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडायची चिठ्ठी), कागदपत्रांचे वेगळे. बेरीज मूळ भाड्याच्या दुपटीच्या वर गेली. यातलं एकही कोटेशनमध्ये नव्हतं. वाद घालत बसायला वेळही नव्हता, कारण गोदामातले मोफत दिवस संपत आले होते आणि त्यानंतर रोजचं भाडं चढणार होतं.

पैशांचं एक वेळ विसरले असते. पण क्रेट उघडला तर माझ्या गाडीच्या पुढच्या डिस्कवर तेलाचा वाळलेला ओघळ. पट्टे इतके आवळले होते की पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे, आत स्प्रिंग आणि तेल असलेले दोन पाय) पार तळाला बसलेला, आणि गाडी तशीच पाच आठवडे उभी. डाव्या बाजूचं ऑइल सील फुटलं होतं, ब्रेक पॅड तेलाने माखलेले. दोन्ही बदलले. तेव्हापासून पट्टे बांधताना मी स्वतः गाडीशेजारी उभी असते, फोर्क निम्म्याहून जास्त दाबू देत नाही.

याच्या उलट पनामा ते कोलंबिया. तिथे पॅन-अमेरिकन महामार्ग याविसाला तुटतो आणि पुढे शंभरेक किलोमीटर डॅरिएनचं जंगल आणि दलदल, गाडीला वाटच नाही. पनामा सिटी ते बोगोटा विमानाने गेलो. गाडी चालवत थेट कार्गोच्या गोदामात नेली. टाकीत पाव भागापेक्षा जास्त पेट्रोल चालत नाही, म्हणून आदल्या दिवशीच मोजून चालवली होती. बॅटरीच्या तारा सोडवल्या, टर्मिनलवर जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले, पॅलेटवर चढवून पट्टे बांधले. क्रेट नाही, काही सुटं करायचं नाही. तिसऱ्या दिवशी गाड्या हातात.

आता केपटाउनसाठी मात्र विमानवाला एजंट क्रेट मागतोय, आणि तिथे हिशोब बदलतो. हवाई भाडं खऱ्या वजनावर किंवा आकाराच्या वजनावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. गाडी आहे तशी ठेवली तर क्रेट २३० × ९० × १३० होतो, म्हणजे ४४८ किलो. खरं वजन क्रेटसकट जेमतेम २७० भरेल. उरलेलं सगळं हवेचं भाडं! पुढचं चाक, हँडल, काच, आरसे, बाजूच्या पेट्या काढल्या तर २०० × ७५ × ११५ मध्ये बसते आणि आकडा २८७ वर येतो. एवढं सुटं करून पुन्हा जोडायची आमची तयारी आहे.

नवऱ्याचं म्हणणं, २० फुटी कंटेनर पूर्ण घेऊ, आणखी दोघं-तिघं प्रवासी मिळाले तर खर्च वाटून घेऊ. असा अख्खा कंटेनर कुणी घेतलाय का, आणि उतरवताना किती लागले? मला भाड्याचा आकडा नकोय, तो कुणीही देतं. पोचल्यावरचा आकडा हवाय.

दुसरी काळजी आर्जेन्टिनातल्या तात्पुरत्या आयात परवान्याची, म्हणजे परदेशी गाडी ठरावीक मुदतीपुरती देशात ठेवायच्या परवानगीची. जहाज लांबलं आणि गाडी बंदरात असताना परवान्याची मुदत संपली तर काय? गाडी एजंटच्या ताब्यात दिली की आपण सुटलो का? विम्याबद्दलही सांगा. मागच्या वेळी विमा होता, पण सीलचे पैसे मिळाले नाहीत.

– धूळवाट

लांबपल्ला:

धूळवाट ताई, मी जहाजाने चार वेळा आणि विमानाने दोनदा गाडी पाठवली आहे. दोनच गाड्या असतील आणि तुम्ही त्या सुट्या करायला तयार असाल, तर माझं मत विमानाला. कंटेनर वाटून घ्यायचा बेत कागदावर छान दिसतो, पण चार-पाच जणांच्या तारखा जुळवता जुळवता महिना जातो. शिवाय एकाच्या कागदात चूक निघाली की सगळ्यांच्या गाड्या अडकतात.

तरीही जहाज ठरलं, तर आधी केपटाउनचा क्लिअरिंग एजंट शोधा आणि मग इकडचा. कंटेनर बोटीतून उतरल्यापासून गाडी गेटबाहेर येईपर्यंत जे जे लागेल, ते त्याच्याकडून बाबवार लिहून घ्या. लिहून द्यायला टाळाटाळ करतो तो आपला माणूस नाही. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीची मालाची पावती, ती दाखवूनच माल मिळतो) तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं, आणि चॅसी नंबर गाडीवरून वाचून घ्या, आरसीवरून नको. एक आकडा उलटसुलट झाला म्हणून मी नऊ दिवस कस्टमच्या दारात बसलो आहे. मूळ बिल कुरियरने पाठवत बसू नका, टेलेक्स रिलीज मागा, म्हणजे मूळ कागदाशिवाय नुसत्या संदेशावर तिकडे माल सोडतात.

क्रेटचं लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं, तसा शिक्का फळीवर दिसतो. शिक्का नसेल तर अख्खा क्रेट अडवतात. भंगारातल्या फळ्यांतून क्रेट करून घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

विम्याचं: तुमची पॉलिसी बहुधा फक्त संपूर्ण नुकसानीची असणार, किंवा पॅकिंग नीट नव्हतं म्हणून त्यांनी हात वर केले असणार. पाठवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पट्टे बांधल्यावर पुन्हा काढा. आणि जनरल ॲव्हरेजचा समावेश आहे का ते नक्की विचारा. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च झाला, तर तो सगळ्या मालधन्यांत वाटला जातो, तुमच्या गाडीला ओरखडाही नसला तरी. २०२१ मध्ये सुएझमध्ये रुतलेल्या एव्हर गिव्हनच्या वेळी हेच झालं. आपला वाटा किंवा हमी भरल्याशिवाय माल सोडत नाहीत. विमा असेल तर ती हमी कंपनी देते.

मोकळा_रस्ता:

परवान्यापुरतं सांगतो. एजंटने गाडी ताब्यात घेतली म्हणजे तुम्ही सुटलात असं नाही. कस्टमने निर्यातीची नोंद करून परवाना बंद केला की मगच सुटलात, आणि त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय देश सोडू नका. मुदत जवळ आली असेल तर उरुग्वेत जाऊन माँटेव्हिडिओहून पाठवा, तिथे नवीन परवाना मिळतो.

केपटाउनला कार्नेट लागेल, म्हणजे गाडी परत बाहेर नेऊ या हमीवर, अनामत ठेवून मिळणारं कस्टमचं पुस्तक. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्सवाना, लेसोथो, इस्वातिनी हे एकच कस्टम संघ आहेत, त्यामुळे आत शिरताना शिक्का एकदाच आणि बाहेर पडताना एकदाच. बाहेरचा शिक्का राहिला तर कार्नेटची अनामत परत मिळताना फार त्रास होतो. आफ्रिकेनंतर ऑस्ट्रेलियाचा विचार असेल तर गाडी धुण्यासाठी दोन दिवस वेगळे ठेवा. रेडिएटरच्या जाळीतला मेलेला किडा आणि मडगार्डच्या आतला चिखल, दोन्ही तिथले तपासनीस शोधतात.

धूळवाट:

दोघांचेही मनापासून आभार. नवऱ्याला वाचायला दिलं, तो विमानाला तयार झालाय. परवाना पुढच्या महिन्याअखेर संपतोय, म्हणून माँटेव्हिडिओचंही कोटेशन मागवलं. पोचल्यावरचा खर्च बाबवार लिहून मागितला, तर तीन एजंटांपैकी एकानेच उत्तर दिलं. त्याच्याशीच पुढे बोलते आहे.

एकच राहिलं. पुढचं चाक काढल्यावर फोर्क कशावर टेकवायचा? नुसत्या लाकडावर टेकवला तर खालचं टोक घासणार, आणि पट्टे ओढले की तो एका बाजूला सरकेल अशी भीती वाटते.

लांबपल्ला:

चाक काढलं की ॲक्सल (चाकाचा आस) तसाच परत घाला, मध्ये चाकाच्या रुंदीएवढा पाइपचा तुकडा द्या म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय आत दबणार नाहीत. क्रेटच्या तळाला दोन लाकडी ठोकळे बोल्टने पक्के करून त्यांत खाचा पाडा आणि ॲक्सल त्या खाचांत बसवा, वरून लोखंडी पट्टी. मग फोर्क दाबायची गरजच उरत नाही, पट्टे फक्त गाडी हलू नये एवढेच ओढायचे. ब्रेक कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घालायला विसरू नका. कुणी चुकून लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि तिकडे चाक बसत नाही.